गिरणीतली गिटार

माझे मामा धुळ्याहून जळगावला येतात ते बहुधा कवळीची तक्रार घेऊन. मी दातांची डॉक्टर आहे. त्यांचे उरलेसुरले दात मीच काढले आणि कवळीही मीच बसवली, त्यामुळे ती चांगली नाही हे सांगायला त्यांना लांब जावं लागत नाही. तक्रार दर वेळी वेगळी असते. एकदा भाकरी खाताना कवळी हलायची. पुढच्या खेपेला ती अजिबात हलत नव्हती, म्हणून त्यांना तोंडात दुसऱ्या कुणाचं तरी सामान ठेवल्यासारखं वाटत होतं. त्या दिवशी खुर्चीत टेकल्या टेकल्या म्हणाले, "या कवळीनं ऐकू येत नाही."

मी म्हटलं, "मामा, कवळी चावायला असते."

"ते कळतं मला. ऐकू येत नाही, ही तक्रार आहे माझी."

मामांना एरवीही कमीच ऐकू येतं. पिठाच्या गिरणीत आयुष्य गेलेल्या माणसाचे कान जसे होतात तसे त्यांचे झालेत. मी मोठ्यानं विचारलं, "कानाच्या डॉक्टरांकडे जायचं का?" ते मान फिरवून खिडकीकडे बघत बसले. वय झालं की माणसं अशी बोलतात, असं मी मनाशी ठरवलं आणि कवळीची एक कड घासून दिली.

उठताना त्यांनी कोपऱ्यात ठेवलेलं लांबट पोतं ओढलं. गव्हाचं पोतं, तोंड सुतळीनं शिवलेलं. "हेही बघून ठेव," म्हणाले. "एस.टी.त कंडक्टर विचारत होता, काय आहे. मी सांगितलं, पेशंट आहे."

पोत्यात त्यांची गिटार होती. करंटवर चालणारी, जुनी. ती मी लहानपणापासून पाहत आले होते, पण जवळून कधीच नाही.

"मामा, मी दात बघते."

"मशीन तर आहे ना तुझ्याकडे? घासायचं, भोकं पाडायचं, बुजवायचं. मग अजून काय लागतं?"

"आणि वाजवणार कोण?"

"तू दुरुस्त कर," एवढंच म्हणून ते स्टँडवर जायला निघाले. दारातून वळून म्हणाले, "घरी फोन करशील तेव्हा हे बोलू नको."

मामांच्या गिटारबद्दल आमच्या घरात सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट थोडकी आहे. तरुणपणी ते एका ऑर्केस्ट्रात होते. गणपती-नवरात्रात अमळनेर, एरंडोल, नशिराबाद असे कार्यक्रम व्हायचे. गाणारे पुढे, मामा मागे. एक फोटोही आहे. त्यात गायक, गायिका, ढोलकीवाला आणि मामांचा उजवा खांदा दिसतो. पुढे ऑर्केस्ट्रा मोडला. तो का मोडला याच्या वेगवेगळ्या हकिकती आहेत आणि त्या सगळ्या मामांनीच सांगितलेल्या आहेत. मग त्यांनी धुळ्यात देवपुराकडे पिठाची गिरणी टाकली. गिरणीच्या पट्ट्यात डाव्या हाताची दोन बोटं सापडली आणि अर्धी गेली. गिटारच्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबायच्या असतात. मामांनी गिटार सोडली, गिरणी सोडली नाही.

गिटार मात्र गिरणीतच खुंटीला असायची. सुट्टीत आम्ही भाचरं गेलो की तिला हात लावायची मनाई होती. ती मामांची आठवण आहे असं आम्ही समजायचो. तिच्यावर पीठ साचलेलं असायचं, त्याचंही काही वाटायचं नाही. आठवणी लोक अशाच ठेवतात. लॉकडाऊननंतर मामांचे गुडघे आणि दुकानातला तयार आटा यांनी मिळून गिरणी बंद पाडली. गिटारचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नव्हतं.

एका रविवारी दवाखाना बंद असताना मी ती टेबलावर घेतली. कधीकाळी लाल असावी. आता तिचा रंग पान खाणाऱ्याच्या दातांसारखा झाला होता, आणि तो रंग मला रोज बघायची सवय आहे. तारा गंजलेल्या, त्यातल्या दोन नव्हत्याच. कंपनीचं नाव घासून घासून गेलेलं. मागचं झाकण उघडलं तर आत पीठ. वायरी दिसतच नव्हत्या. वरचा थर गव्हाचा, त्याखाली दादर ज्वारीचा, तळाशी करडा कळणा. कळणा म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेलं पीठ, आमच्याकडे भाकरीला लागतं. पिठात पडणारे पोरकिडेही होते. पिढ्यान् पिढ्या तिथेच नांदत असावेत, कारण उजेड पडल्यावरही कुणी घाई केली नाही.

रुग्णाच्या तोंडात हवा मारायची एक पिचकारी असते. पाण्याचं बटण सोडून नुसती हवा मारली. सगळं पीठ माझ्यावर आलं. चष्मा पुसून पुन्हा मारली. सोमवारी पहिल्या पेशंटनं खुर्चीत बसताना हातावर काहीतरी चोळून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, भाकरी करता का इथे?"

तारा काढल्यावर मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या, म्हणजे पडदे, नीट दिसले. त्यांच्यावर खाचा पडल्या होत्या. झीज हा माझ्या रोजच्या कामाचा विषय आहे. माणूस कुठल्या बाजूनं चावतो, झोपेत दात खातो का, सुपारी किती, हे झिजेवरून कळतं. या गिटारवरचे सुरुवातीचे थोडेच पडदे झिजले होते, पण खोल झिजले होते. शेवटचे पडदे नव्यासारखे. म्हणजे वाजवणारा एकाच जागी बसून, थोडंच काही, फार वाजवत होता. ऑर्केस्ट्रातल्या काही वर्षांत इतकी झीज झाली याचं मला नवल वाटलं. पुढच्या बाजूला वरच्या कडेवर बारीक, वाकडे, एकावर एक असंख्य ओरखडे होते. तेही कळेनात. आणि सगळ्यात शेवटी, खुंट्या असतात त्या डोक्याच्या टोकाला, लाकडावर दोन्ही बाजूंनी खोलगट ठसे होते. गिरणीत उंदीर असतातच. उंदीर, असं म्हणून मी ते सोडून दिलं. दातांची डॉक्टर आहे मी.

रविवार-रविवार काम चाललं. पडदे मी कवळी घासायच्या मायक्रोमोटरवर घासले आणि रबरी चाकानं चकचकीत केले, जसं भरलेला दात करतो. फिरायच्या बटणांमध्ये स्पिरिट घातलं. खुंट्यांना यंत्राचं तेल दिलं, त्या कुरकुरल्या आणि फिरू लागल्या. मान जिथे संपते तिथे खाचांची एक छोटी पट्टी असते, त्या खाचांमधून तारा खुंट्यांकडे जातात. ती तुटली होती. अशा पट्ट्या हाडाच्याही असतात असं इंटरनेटवर वाचलं. हाड कुठून आणणार आणि आणलं तर घरात कुणाला काय सांगणार? माझ्याकडे कवळीचं अ‍ॅक्रिलिक होतं. साचा घेतला, ओतलं, घासलं, खाचा पाडल्या. उत्तम बसली. फक्त कवळीचं अ‍ॅक्रिलिक हिरडीच्या रंगाचं असतं, म्हणजे गुलाबी.

विजेचं काम मला येत नाही. दवाखान्याची खुर्ची बिघडली की जो मेकॅनिक येतो, त्याला बोलावलं. त्यानं गिटारला फेरी मारली आणि विचारलं, "पेशंट कुठे बसतो याच्यात?" मग बसून तुटलेल्या वायरींना सोल्डर दिलं. तारांखाली आवाज पकडणारी दोन चुंबकं होती, त्यातलं एक मेलेलं निघालं. दुसरं जिवंत आहे, म्हणाला. तेवढ्यावर भागेल का, असं मी विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, एकाच कानानं ऐकणारी माणसं आहेत की." त्यानं बिल खुर्चीचं म्हणूनच लिहिलं, कारण त्याच्याकडे गिटार असा शब्दच नव्हता.

नव्या तारा नवी पेठेजवळच्या एका वाद्यांच्या दुकानात मिळाल्या. दुकानात टाळ, हार्मोनियम, लेझीम यांची गर्दी. दुकानदारानं विचारलं, "साधी का करंटची?" मी करंटची म्हटल्यावर त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं, आणि एक छोटा अ‍ॅम्प्लिफायरही विकला.

पहिल्यांदा तार छेडली तेव्हा आवाजाबरोबर मोठी गुणगुण आली. हवेचा कॉम्प्रेसर बंद केला तशी ती गेली आणि नुसता सूर उरला. मला गिटार येत नाही. वसतिगृहात मैत्रीण वाजवायची, मी तिचे कपडे वाळत घालायची, एवढाच माझा अभ्यास. पण त्यानंतर दुपारच्या सुट्टीत मी दार लावून एकच तार छेडायची आणि आवाज पार विरेपर्यंत ऐकायची. माझ्या कामातले सगळे आवाज थांबावेत असे असतात. हा थांबू नये असं वाटायचं. जेवणाचा डबा तसाच राहू लागला. दवाखान्यातली बाई म्हणाली, "मॅडम, आत कोणी रडतंय का, असं विचारत होते बाहेर."

मध्ये एकदा मामांच्या घरी फोन केला. मामींनी उचलला. मी म्हटलं, "मामा आहेत का?"

"आहेत. मी त्यांच्याशी बोलत नाही. तुला बोलायचं तर बोल."

"काय झालं?"

"घरातली वस्तू न विचारता भंगारात घालणाऱ्या माणसाशी काय बोलायचं?" म्हणत त्यांनी फोन मामांच्या हातात दिला.

माझ्या डोक्यात गिरणीचा पट्टा, वजनकाटा असं काय काय आलं. मी ओरडून विचारलं, "मामा, भंगारात काय घातलंत?"

"काही नाही."

"मग मामींना सांगा ना तसं."

"तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही," मामा म्हणाले. "झालं का तुझं काम?"

काम झालं होतं. अ‍ॅम्प्लिफायरही घेतलाय, या घ्यायला, म्हटलं तर म्हणाले, "तूच आण. ते आवाजाचं खोकंही आण."

मी गाडीत गिटार आणि खोकं घालून दुपारी धुळ्याला पोचले. मामा ओट्यावरच बसले होते. घरात गेल्यावर मी गिटार कापडातून काढून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी हात पुढे केला नाही. सगळी उलटून पालटून बघितली आणि गुलाबी पट्टीशी थांबले. "हिरडी बसवलीस का?"

"तेच होतं माझ्याकडे."

"बरं. पण माझ्याकडे काय देतेस? जिची आहे तिला दे."

मला कळेना. तेवढ्यात मामी ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आल्या. गिटारकडे बघितलं. मग मामांकडे. पदराला हात पुसले, पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

"भंगारात नव्हती घातली?"

"दुरुस्तीला दिली होती."

"मग सांगता येत नव्हतं?"

"तू विचारलं नाहीस."

मामी खाली बसल्या, मांडी घातली आणि गिटार माझ्या हातातून घेतली. तिला कसं धरायचं याचा विचार त्यांना करावा लागला नाही. उजवा हात कडेवरून खाली आला, तशा बांगड्या खळ्ळकन वाजल्या आणि लाकडाला घासल्या. बरोबर त्या ओरखड्यांच्या जागी.

मी म्हटलं, "मामी, तुम्हाला येते?"

"येते म्हणजे काय," त्या खुंट्या पिळत म्हणाल्या. "गिरणीत दुपारी काय काम असतं? डबे लागलेले असतात, जातं फिरत असतं. बसून राहायचं."

मग दोघांनी मिळून, एकमेकांची वाक्यं तोडत सांगितलं ते असं. बोटं गेल्यावर मामा बरेच दिवस गिटारकडे बघायचे नाहीत. मामींना ती खुंटीवरची शोभा पटेना. घरात वस्तू आहे तर ती वापरली पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. त्यांनी मामांना सांगितलं, मला दाखवा. मामांना हातानं दाखवता येत नव्हतं, म्हणून तोंडानं सांगितलं. वरून दुसरी तार, तिसरा पडदा, आता सगळं मिळून, आता सोड. गिरणीच्या धडधडीत दोघं ओरडून बोलायचे. करंटची गिटार करंटशिवाय कुजबुजल्याएवढी वाजते. गिरणीत ती मामींना स्वतःलाही ऐकू यायची नाही. बोटांना कळायची तेवढीच.

"मग बरोबर वाजतंय हे कसं कळायचं?" मी विचारलं.

मामांनी पुढे होऊन गिटारच्या डोक्याचं टोक दोन बोटांत धरलं. "हे दातात धरायचो. दातातून सरळ डोक्यात यायचं. बाहेर गिरणी कितीही ओरडो, आत एकदम साफ."

मी त्या ठशांकडे पाहिलं. वरचे पुढचे दोन, खालचे चार. खालचा एक जरा वाकडा. तो वाकडा दात मी स्वतः काढला होता, हलत होता म्हणून. "या कवळीनं ऐकू येत नाही," असं मामा म्हणाले होते, तेव्हा ते अगदी नेमकं बोलत होते. दात गेल्यावर मामींचं वाजवणं त्यांच्यापुरतं बंद झालं होतं. कवळीत लाकूड धरून बघितलं, तर नुसती कवळीच वाजली.

दुपारी कुणी दळण घेऊन आलं तर त्याला काय दिसत असेल, हेही मी विचारलं. गिरणीवाली पोत्यावर बसून गिटार वाजवतेय आणि गिरणीवाला तिचं टोक चावतोय. मामी म्हणाल्या, "शटर अर्धं खाली असायचं. पाय दिसायचे लोकांना. पाय व्यवस्थित होते आमचे."

मी खोक्याची वायर लावली आणि बटण फिरवलं. मामींनी एकदाच, सगळ्या तारांवरून, हात फिरवला. खोलीतली भांडी किणकिणली. त्यांनी झटकन तळहातानं तारा दाबून धरल्या. माझ्याशी त्या शहरी मराठी बोलतात, पण आता मामांकडे वळून अहिराणीत म्हणाल्या, "माय वं! हाऊ बठ्ठा आवाज मना शे?"

"तुनाच शे," मामा म्हणाले, सगळा तिचाच. त्यांना ऐकू आलं होतं, गिटारही आणि मामीही.

"कमी कर, कमी कर," मामी मला म्हणाल्या. मी कमी केला. थोडं वाजवून झाल्यावर त्यांनी न बोलता बोटानं खूण केली, वाढव. मी वाढवला.

त्यांनी वाजवलं ते मला ओळखता येईना. चाल नव्हतीच त्यात. झण्, झण्झण्, मग एक खालचा सूर, पुन्हा झण्. आणि मध्येच त्या थांबल्या. डोळे समोर, मान हलतेय, बोटं तयार, आणि आवाज काही नाही. मला वाटलं विसरल्या. मामांनी मला हातानं दटावलं, गप्प. बराच वेळ आम्ही तिघं तसेच बसलो. मग एका झटक्यात त्यांनी पुन्हा सुरू केलं.

मामांना आपला भागच येत होता, तोच त्यांनी शिकवला होता. ऑर्केस्ट्रातल्या मागच्या गिटारचा भाग, पूर्ण कार्यक्रमाचा, एकही गाणं न सोडता. गाणाऱ्यांची, क्लॅरोनेटची, ढोलकीची जागा आली की मामी ती सोडायच्या आणि वाट बघायच्या. आयुष्यभर त्यांनी तो कार्यक्रम असाच वाजवला होता, बाकीचे सगळे गैरहजर असताना.

दुसऱ्या गाण्यात क्लॅरोनेटची जागा आल्यावर मामांनी तोंडानं पीं पीं सुरू केलं. उंच सुरावर खालची कवळी सुटली. त्यांनी ती काढली, सदऱ्याच्या खिशात टाकली आणि पुढचं बिनदातांनी केलं, जास्त चांगलं केलं. तिथे हजर असलेल्या एकमेव दंतवैद्यानं खोक्याचा आवाज थोडा वाढवला. दारात शेजारीण येऊन उभी राहिली, तिला मामींनी मानेनंच बस म्हणून सांगितलं, कारण हात मोकळे नव्हते.

संध्याकाळी निघताना त्यांनी मला कळण्याच्या भाकऱ्या बांधून दिल्या. मामांशी बोलणं पुन्हा सुरू झालं होतं. "मीठ कुठे ठेवलंत?" असं विचारत होत्या.

आता मी दर दोन-तीन आठवड्यांनी जाते. मामी मला शिकवतात. मला अजून तीनच पकडी, म्हणजे कॉर्ड, येतात आणि बोटांच्या टोकांना घट्टे पडलेत. त्यामुळे हातमोजे घातले तरी पेशंटची हिरडी मला पूर्वीसारखी कळत नाही. हे मी पेशंटना सांगत नाही. मामा खोक्याजवळ खुर्ची ओढून बसतात आणि माझं वाजवणं सुरू झालं की उठून ओट्यावर जातात.

संक्रांतीच्या सुमारास गल्लीतल्या बायकांनी मामींना हळदीकुंकवाला वाजवायला सांगितलं. त्या म्हणाल्या, मला गाणं येत नाही, गाण्याच्या मागचं येतं. बायका म्हणाल्या, चालेल. मीही गेले होते. मामी जरीची साडी नेसून भिंतीला टेकून बसल्या आणि पहिलं गाणं सुरू केलं. पहिली रिकामी जागा आली तेव्हा सगळ्या थांबून बघत राहिल्या. दुसरी आली तेव्हा कुणीतरी ठेक्यावरून गाणं ओळखलं आणि हळूच ओळ धरली. मग सगळ्याच म्हणू लागल्या, बेसूर, पण बरोबर जागेवर. मामींनी मान वर केली नाही. त्या मोजत होत्या. आपल्या जागेवर पुन्हा आत आल्या तेव्हा त्यांचा चेहरा मी बघितला. कपाळावरचं हळदीकुंकू घामानं ओघळलं होतं आणि त्या हसत होत्या, दात दाखवून. स्वतःचे आहेत त्यांचे, सगळे.

तिळगूळ वाटून झाल्यावर कोपऱ्यातली एक वयस्क अक्का उठली. तिला दिसत कमी असावं. मामींच्या हातात वाणाची वाटी ठेवून म्हणाली, "टेप छान लावली होतीस हो."

परत येताना मामी हळूहळू चालत होत्या. मी म्हटलं, "मामी, त्यांना दिसत नाही नीट. मनावर घेऊ नका."

"टेप म्हणाली," मामी म्हणाल्या. आम्ही गल्लीच्या वळणावर आलो. गिटार मी धरली होती, वाणाच्या वाट्या त्यांनी. "एखादी चूक झाली असती, तर टेप म्हणाली असती का ती?"

"नसती म्हणाली."

"तेच तर," म्हणत त्यांनी वाट्या दुसऱ्या हातात घेतल्या आणि चालायचा वेग वाढवला.